हॉटेल मी निवडणार

५ मार्च, बुधवार

ठरलं. मे महिन्यात मी आणि बायको गौरम्मा व्हिएन्नाला! चार रात्री, पाच दिवस. आमच्या गुरूने तिकडून तिकिटं काढून मोबाइलवर पाठवलीसुद्धा. गौरम्मा दोनदा देवघरात जाऊन आली. तिसऱ्यांदा निघाली तेव्हा म्हटलं, अगं, देवाला जरा बसू तरी दे.

अडीच वर्षं झाली पोराचं तोंड बघून. गुरुशांत आमचा एकुलता एक. पाच वर्षांपूर्वी कॉम्प्युटरचं शिकायला गेला, शिक्षण संपल्यावर एकदा येऊन गेला, आता नोकरीत आहे. कुठल्या कंपनीत असं विचारलं की नेमकं त्याचं नेटवर्क जातं. मी लोकांना सॉफ्टवेअर म्हणून सांगतो. लोक मान डोलावतात, मला बरं वाटतं. पण फोन दिवसेंदिवस आखूड व्हायलेत. "जेवलास का?" "जेवलो." "थंडी आहे का?" "आहे." संपलं. बाप-लेकाचं बोलणं आहे की हवामानखात्याचं, तेच कळत नाही. मला व्हिएन्ना बघायचं नाही. पोराला समोर बसवून बघायचंय, बास.

एक गोष्ट मात्र घशात अडकली. म्हणतो, "अप्पा, माझ्या खोलीवर घरमालकीण पाहुणे चालवून घेत नाही. तुमच्यासाठी हॉटेल बघतो." पोराच्या गावात जाऊन बापाने हॉटेलात उतरायचं! वळसंगला लांबच्या चुलतभावाकडे जेवून मुक्काम न करता निघालो तर ते वर्षभर रुसतात. गौरम्मा म्हणाली, "होगली बिड्री, जाऊ द्या." दिलं जाऊ. पण अट घातली. हॉटेल मी निवडणार. चौतीस वर्षं सोलापूर स्टेशनजवळ लॉज चालवलाय मी. मला दुसऱ्याने हॉटेल दाखवायचं?

९ मार्च, रविवार

चार दिवस मोबाइलमध्ये डोकं घालून बसलोय. त्या गावात इतकी हॉटेलं आहेत की माणसं राहतात कुठे कोण जाणे. पुढच्या महिन्यात मुंबईला व्हिसाची तारीख आहे आणि फायलीत हॉटेलचं बुकिंग लागतं. म्हणजे रेंगाळून चालणार नाही.

बाकीचे लोक फोटोत झुंबर बघतात. मी बाथरूम बघतो. एका चार तारेवाल्या हॉटेलात बाथरूमला काचेची भिंत! आत आंघोळ करणारा माणूस पलंगावरून दिसणार. गौरम्माला दाखवलं तर तिने तोंडाला पदर लावला आणि मोबाइलच उलटा ठेवला. बादली-मग कुठेही नाही. एकाही फोटोत नाही. पांढऱ्या चादरी मात्र सगळीकडे, आणि त्याला मी पैकीच्या पैकी मार्क देतो. खोटं कशाला बोलू, मी लॉजवर आपल्या चौकड्यांच्या सोलापुरी चादरी घालायचो त्या सोलापूरच्या अभिमानापोटी नाही. डाग दिसत नाहीत म्हणून. पांढरी घालायला छाती लागते.

शिवाय गौरम्माची लिंगपूजा झाल्याशिवाय घरात चहा होत नाही. म्हणजे खोलीत पूर्वेची खिडकी पाहिजे आणि तिला मांडी घालून बसता येईल एवढी फरशी पाहिजे. हे विचारायला त्या वेबसाइटवर रकानाच नाही.

१० मार्च, सोमवार

गुरूने एक हॉटेल पाठवलं. नदीपलीकडे, नऊ मजली, मेट्रोला लागून. फोटोत काउंटरवर माणूसच नाही! मशीन आहे, त्यात कार्ड घालायचं आणि किल्ली घ्यायची. मी कळवलं, आम्ही एटीएममध्ये राहायला यायलो नाही.

१२ मार्च, बुधवार

सापडलं!

पेन्शन ओटिलिया. तिकडे छोट्या हॉटेलला पेन्शन म्हणतात म्हणे. आयुष्यभर धंदा केला, मला पेन्शन कुठली? चला, चार दिवस तरी मिळेल. अठरा खोल्या, जुनी इमारत, ट्रॅमचा स्टॉप दारात. पण मी भुललो ते लोकांच्या अभिप्रायांवर. मोबाइल त्यांचं मराठी करून दाखवतो, ते जरा लाकडी असतं, पण कळतं.

ब्राझीलच्या एका बाईंनी लिहिलंय, "मी थकून पोहोचले. काउंटरवरील तरुणाने पासपोर्ट मागितला नाही. त्याने प्रथम पाणी दिले. मी बसले. कागद नंतर आला."

वाचून मी खुर्चीतून उठलोच. आधी पाणी, मग रजिस्टर! आमच्या लॉजवर हा नियमच होता. उन्हातून आलेल्या माणसापुढे आधी तांब्या आणि गुळाचा खडा ठेवायचा. त्याचा श्वास खाली बसला की मग नाव-गाव. बाकीचे लॉजवाले मला हसायचे.

फिनलंडचे एक म्हातारे लिहितात, "माझी गाडी पहाटे होती. नाश्त्याची वेळ नव्हती. माझ्या दाराला पिशवी टांगलेली होती. ब्रेड, सफरचंद, आणि शेंगदाण्याची लाल पूड. माझ्या डोळ्यांतून पाणी आले. पाच तारे."

शेंगाचटणी! आपली शेंगाचटणी व्हिएन्नापर्यंत गेली की! निर्यात होते म्हणून ऐकलं होतं, पण इतक्या लांब? ऊर अगदी भरून आला.

तेवढ्यात बिरप्पा आला. हा माझ्या लॉजवरचा जुना माणूस. तीस वर्षं खोल्या, चादरी, पाणी सगळं त्याच्याच अंगावर होतं. लॉज बंद करून जागा क्लासवाल्यांना दिली, तरी तो कुंभारीहून दर बुधवारी दही घेऊन येतोच. त्याला सगळं वाचून दाखवलं. तो दह्याचं भांडं मांडीवर धरून ऐकत होता. मग म्हणाला, "मालक, त्या पोराला ह्ये कुनी शिकिवलं आसंल ओ?"

मी म्हटलं, "अरे, तिकडे ट्रेनिंग असतं. कोर्स असतात त्याचे."

"व्हय व्हय, आसंल की कोर्स," म्हणाला आणि आत गौरम्माकडे दह्याचं भांडं द्यायला गेला. दोघं बराच वेळ काहीतरी कुजबुजत होते. दह्यावर एवढं काय बोलायचं असतं?

१५ मार्च, शनिवार

गुरूला सांगितलं. असा भडकला म्हणून सांगू!

"अप्पा, ते नको. जुनं आहे. लिफ्ट लहान आहे."

"आम्ही दोघं काय हत्तीवरून यायलोय?"

"तिथे आवाज येतो ट्रॅमचा."

"स्टेशनजवळ चौतीस वर्षं झोपलोय मी. आवाज नसला तर मला झोप लागत नाही."

"अप्पा, प्लीज. दुसरं कुठलंही घ्या, तेवढं नको."

आवाज रडवेला वाटला. आता हॉटेलवरून रडण्यासारखं काय आहे? बापाची निवड नको, एवढंच. मोबाइल गौरम्माच्या हातात दिला आणि मी गॅलरीत जाऊन बसलो. ती कन्नडमध्ये त्याच्याशी हळू आवाजात बोलत होती. मग आत गेली, भाकऱ्या थापायला बसली, आणि वर न बघता म्हणाली, "तेच बुक करा. मला तेच पाहिजे."

छत्तीस वर्षांच्या संसारात या बाईने पहिल्यांदा "मला पाहिजे" म्हटलंय. तेही न बघितलेल्या हॉटेलबद्दल.

१६ मार्च, रविवार

गौरम्मा गुरूसाठी पार्सल भरायलीय. पुन्हा तीन किलो शेंगाचटणी. मागचं पार्सल संक्रांतीला गेलं, त्यातही तीनच किलो होती. एकटा माणूस दोन महिन्यांत तीन किलो चटणी खातो? म्हटलं, त्याच्या पोटाचं काय होईल? म्हणाली, "मित्र असतात, वाटतो." वाटू दे बापडा.

आज एक दोन तारेवाला अभिप्राय सापडला. कुणी एक इंग्रज आहे. "काउंटरवरचा माणूस फार प्रश्न विचारतो. जेवलात का. कुठे जाणार. घरी कोण असते. मला हे आवडले नाही." मेल्या, तुला जेवलास का म्हणून विचारलं आणि तू तारे कापतोस? असली दोन माणसं माझ्या लॉजवर येऊन गेली होती. त्यांनाही मी विचारायचं सोडलं नाही.

त्या काउंटरवरच्या पोराला मात्र भेटायचंच. त्याच्या बापाला म्हणावं, चांगलं वळण लावलंत.

१८ मार्च, मंगळवार

दुपारभर झोप नाही. ते जुनं आठवत राहिलं. लिहूनच टाकतो.

गुरू बारावीला होता. परीक्षा दहा दिवसांवर. मी अक्कलकोटला लग्नाला गेलो होतो. तिथे जेवणाच्या पंगतीत कुणीतरी माझी ओळख करून दिली, "हे आमचे लॉजवाले." स्टेशनजवळचा लॉज म्हटलं की लोक कसे गालात हसतात ते मला पाठ आहे. समोरचे चौघं तसेच हसले. माझा लॉज कसा होता, तिथे बायाबापड्या निर्धास्त झोपायच्या, हे कुणाकुणाला सांगत बसू? फिरल्या डोक्याने परत आलो तर काउंटरवर गुरू. बिरप्पा बाजूला उभा, आणि हा एका कुटुंबाला पाणी देतोय, त्यांच्या पोरीशी हसतोय.

मी दारातूनच ओरडलो. "ऊठ तिथून! लोकांच्या बॅगा उचलायला जन्माला घातलं का तुला?" गिऱ्हाइकांसमोर. ती बाई हातातला पेला तसाच धरून बसली. गुरू उठला, किल्ल्या नीट खिळ्यांना लावल्या आणि गेला. पुन्हा लॉजवर पाय ठेवला नाही. इंजिनियर झाला, परदेशी गेला, माझं नाव काढलं. मी जिंकलो असंच मला इतके दिवस वाटत होतं.

त्यानंतर माझ्याशी तो हवामानाचंच बोलतो. हे मला आज, एवढ्या वर्षांनी लिहिताना दिसायलंय. अवघडच माणूस आहे मी.

२१ मार्च, शुक्रवार

गुरूने मला न विचारता ते मशीनवालं हॉटेल बुक करून पाठवलं! गौरम्माला म्हटलं, असंच असेल तर मी येत नाही, तू एकटी जा. ती म्हणाली, "जाईन की." असं उत्तर द्यायचं असतं का!

२५ मार्च, मंगळवार

डोकं शांत झालं. कुणाचंच ऐकायचं नाही, आपल्या पद्धतीने करायचं असं ठरवलं. हॉटेल बघायची माझी पद्धत एकच आहे. फोन लावायचा. कितव्या घंटीला उचलतात आणि उचलल्यावर आधी काय बोलतात, यावर सगळं कळतं. उद्या दुपारी दोनला पेन्शन ओटिलियाला फोन. तिकडे तेव्हा सकाळचे साडेनऊ असतात. प्रश्न इंग्रजीत लिहून काढलेत. गरम पाणी. पूर्वेची खिडकी. बादली.

२६ मार्च, बुधवार

दोनला फोन लावला.

तिसऱ्या घंटीला फोन उचलला. चांगली खूण. बाई होती. मी माझं इंग्रजी काढलं. पूर्वेची खिडकी सांगितली, फरशीवर बसून पूजा सांगितली, बादली सांगितली. ती म्हणाली, एक मिनिट हं, माझ्या सहकाऱ्याला देते, त्याला हे कळेल. मग एक आवाज आला. गोड, अदबशीर, इंग्रजी असं की जणू तिथेच जन्मला. थांबल्याबद्दल आभार सर, मी आपली काय मदत करू?

मी वाचायला लागलो. "हॉट वॉटर. मॉर्निंग फोर ओ'क्लॉक..."

मग हळूच, "अप्पा?"

पलंगावर बसलो. प्रश्नांचा कागद घडी करून खिशात घातला. तेवढ्यात तिकडे घंटी वाजली, दार उघडलं, चाकांच्या बॅगांचा आवाज. तो म्हणाला, "अप्पा, ठेवू नका. पाहुणे आलेत, एक मिनिट." आणि फोन तसाच काउंटरवर ठेवला.

सहा मिनिटं मी ऐकत होतो. घड्याळ समोर होतं म्हणून सांगतो, सहा. पेले ठेवल्याचा आवाज. इंग्रजीत, "बसा आधी, पाणी घ्या." मग जर्मन का काय ते. एक लहान मूल रडत होतं, त्याला त्याने काय दाखवलं कोण जाणे, ते हसायला लागलं. म्हातारी बाई काहीतरी लांबलचक सांगत होती आणि हा मध्येमध्ये "हं, हं" करत होता, अजिबात घाई नाही. कागदाची सळसळ सगळ्यात शेवटी. चौतीस वर्षं मी हेच केलं, पण बाहेर उभं राहून कधी ऐकलं नव्हतं. इतकं चांगलं असतं ते? मला ठाऊकच नव्हतं.

फोन उचलला. "अप्पा, आहात?"

"खोली आहे का?" मी म्हटलं. "दोन माणसं, चार रात्री."

"अप्पा, मी सांगणार होतो. कॉम्प्युटरची नोकरी मिळाली होती. सहा महिने केली. मन लागेना. शिकताना इथेच पार्टटाइम करायचो, मालकीणबाईंनी परत बोलावलं. तुम्ही सगळ्यांना सॉफ्टवेअर सांगता, मग कसं..."

"आधी खोलीचं बोल. गिऱ्हाईक ताटकळलंय."

"आहे. दुसऱ्या मजल्यावर. पूर्वेची खिडकी." मग जरा थांबून, "अव्वाने पाच तारखेलाच अडवून ठेवायला सांगितली होती."

अव्वा म्हणजे आमची गौरम्माच. बघा! हॉटेल मी निवडणार म्हणे.

फोन ठेवण्याआधी ते बोललो. बोलायचं ठरवलं नव्हतं, तोंडातून गेलं. "त्या दिवशी काउंटरवरून तुला उठवलं ना, चुकलं माझं. लोकांचा राग तुझ्यावर काढला." तिकडून नाक ओढल्याचा आवाज. मग म्हणाला, "अप्पा, हॉटेलात बादली नाही. मी आणून ठेवतो." मीही इकडे नाक पुसलं. गौरम्मा दारात उभी होती, किती वेळ कोण जाणे.

२७ मार्च, गुरुवार

सगळ्यांना ठाऊक होतं. गौरम्माला दीड वर्षापासून. चटणीची पार्सलं कुणाच्या दारांना टांगायला जायची ते आता कळलं. बिरप्पाला तर वाचून दाखवलं त्याच मिनिटाला. आज मुद्दाम बोलावून घेतला त्याला, झापायलाच.

"अरे, सांगायचं नाही का मला?"

"मालक, तुमी त्या पोराचं एवढं कौतुक करत हुता," तो म्हणाला. "म्हनलं नाव कळलं तर थांबाल मदीच. व्हऊ दे आजून थोडं."

झापायचं राहून गेलं. मलाही हसू फुटलं. मेला माणूस ओळखतो मला.

मशीनवालं हॉटेल रद्द केलं. घरमालकीण पाहुणे ठेवू देत नाही ते मात्र खरं होतं म्हणे, तेवढं एक.

८ एप्रिल, मंगळवार, मुंबई

व्हिसाचं काम झालं. एसी इतका की गौरम्माने पदर कानावरून घेतला. काचेपलीकडे एक चटपटीत मुलगी बसली होती. फाईल चाळली, पेन्शन ओटिलियाच्या बुकिंगवर शिक्का मारला, मराठी कळतं म्हणाली आणि विचारायला लागली.

"मुलगा काय करतो तिकडे?"

अडीच वर्षांचं ते सॉफ्टवेअर जिभेवर आलंच होतं. गिळलं.

"हॉटेलच्या काउंटरवर बसतो," मी म्हटलं. जरा जोरातच निघालं. मागच्या रांगेतली चार माणसं बघायला लागली. बघू दे.

"बरं. आणि तुम्ही रिटायर्ड लिहिलंय. आधी काय करत होतात?"

"तेच," मी म्हटलं. "पण तो माझ्यापेक्षा चांगलं करतो."